विषय: वाळपईच्या बागेसाठी जुनी क्वाड – रिव्हर्स नसलेली घ्यावी का?

प्रेषक: माजी कार्यवाह (सध्या रजेवर, वाळपई)

सप्रेम नमस्कार.
रविवारी माझे मस्कतचे परतीचे विमान आहे, त्यामुळे शनिवारपर्यंत निर्णय करणे भाग आहे. पुतणीसाठी दोन जुन्या होंडा क्वाड (मातीवर चालवायच्या चारचाकी मोटारसायकली) पाहून आलो. पहिली 2003 ची टीआरएक्स 400 ईएक्स. रंग, टायर, आवाज सारे उत्तम, आणि मालक ओळखीचा. दुसरी 2007 ची टीआरएक्स 250 ईएक्स, हिला रिव्हर्स आहे. प्लास्टिकला तडे गेले आहेत, सीट फाटली आहे, तरी किंमत जवळजवळ तेवढीच सांगतात. माझा कल पहिलीकडे आहे. अडचण एकच: 2003 च्या गाडीला रिव्हर्स गियर नाही, होंडाने तो 400 ईएक्सला 2005 पासून दिला. पुतणी 19 वर्षांची आहे, आजवर तिने गियर नसलेली स्कूटरच चालवली आहे, आणि गाडी आमच्या काजूच्या बागेबाहेर जाणार नाही. रिव्हर्सवाचून खरोखर किती अडते, हे चालवलेल्यांनी सांगावे.

प्रेषक: सहल समिती (मस्कत)

कार्यवाहसाहेब, ओमानमधल्या वाहिबा वाळवंटाच्या सहलींत मी कित्येक वर्षे रिव्हर्स नसलेल्या क्वाड चालवल्या आहेत आणि एकदाही अडले नाही. वाळूत जागा मोकळी असते, मोठे वळण घेऊन परत फिरता येते. 400 ईएक्सचे हवेवर थंड होणारे इंजीन साधे आणि दणकट आहे, रेडिएटर नसल्यामुळे बिघडण्यासारखे कमी आहे. आपण पहिलीच घ्यावी. जुनी गाडी तपासण्याची यादी समितीकडे आहे. ती माझ्याकडूनच घ्यावी, कारण मागच्या वेळी सभासदांमध्ये तिचा जो बदललेला मजकूर फिरला तो आमचा नव्हता.

प्रेषक: एक सभासद (प्रियोळ, फोंडा)

भाऊ, वाहिबाची वाळू आणि वाळपईकडचा, सत्तरी तालुक्यातला उतार यांची तुलना होऊ शकत नाही. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वाट म्हणजे एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला गडगा (दगडी कुंपण). नवशिक्या माणसाचे पहिले महिने चुकीच्या जागी जाऊन थांबण्यातच जातात. गडग्याला पुढचे चाक टेकले आणि मागे उतार नसून चढ असला, की सुमारे 170 किलोची गाडी खाली उतरून हाताने मागे ओढावी लागते. माझ्या धाकट्या दिराने अशी गाडी ओढताना ती न्यूट्रलमध्ये घेतली, हात ब्रेकवर नव्हता, आणि मागचे चाक त्याच्या घोट्यावरून गेले. तो तीन आठवडे अंथरुणावर होता. रिव्हर्स ही चैन आहे असे कोणी म्हणू नये.
दुसरी गोष्ट क्लचची. 2006 पासूनच्या 250 ईएक्सला असा क्लच आहे की लिव्हर न दाबताही गियर बदलता येतो आणि हवा असेल तेव्हा हाताने वापरताही येतो. जी मुलगी अंगठ्याने थ्रॉटल, डाव्या पायाने गियर आणि शरीराचा तोल हे सारे एकदम शिकणार आहे, तिच्यावरचा एक भार त्याने उतरतो. माझ्या मते फाटकी सीट असलेलीच घ्यावी. सीटचे कव्हर म्हापशात कोणीही शिवून देईल.

प्रेषक: एक सभासद (सोहार)

क्लचबद्दल वहिनींशी सहमत नाही. क्लच सुरुवातीलाच शिकला पाहिजे. माझ्याकडची यामाहाची रॅप्टर 700 क्वाड तशीही उभीच असते. हवी असल्यास ती मी कंटेनरमधून गोव्याला पाठवतो.

प्रेषक: खजिनदार (मस्कत)

आपल्या उदारपणाचा आदर राखून लिहितो. वापरलेले वाहन भारतात आणायचे तर ते तीन वर्षांपेक्षा जुने चालत नाही आणि फक्त मुंबई बंदरातूनच उतरवावे लागते. सीमाशुल्क त्यावर वेगळे. शिवाय रॅप्टरचे 686 सीसीचे इंजीन पहिल्याच दिवशी अंगठ्याखाली देणे मला योग्य वाटत नाही. हा मार्ग सोडून द्यावा.

प्रेषक: एक सभासद (मांद्रे)

सराव बागेऐवजी मोरजीच्या किनाऱ्यावर करावा, म्हणजे रिव्हर्सचा प्रश्नच उरणार नाही.

प्रेषक: एक सभासद (प्रियोळ, फोंडा)

कृपया असे सुचवू नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, आणि मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. डांबरी रस्ताही नको. या क्वाडचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, वळताना दोन्ही चाके सारखीच फिरतात. मातीत आतले चाक घसरून जागा करून देते, डांबर ते घसरू देत नाही आणि गाडी वळायची सोडून सरळ जाते.

प्रेषक: सहल समिती (मस्कत)

वहिनींचा घोट्याचा अनुभव वाचून माझे मत बदलले, हे मोकळेपणाने सांगतो. वाहिबातही आम्हाला नवख्यांना पाय खाली टेकू नका हेच सर्वांत अधिक वेळा बजावावे लागले. दुचाकीची सवय असलेला माणूस तोल जाताच पाय टाकतो आणि मागचे चाक त्यावर चढते. पायाजवळ जाळी बसवलेली असेल तरच गाडी तिच्या हाती द्यावी.
250 ची तपासणी अशी करावी. आपण पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे मालकाला सांगावे आणि प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी, कारण गरम इंजीन सुरू होण्यातला त्रास लपवते. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर तेल जळते आहे. एअर फिल्टर काढून त्याच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत, बोट फिरवावे. बोटाला लाल धूळ लागली तर ती इंजिनात गेली आहे, आणि मग गाडी कितीही स्वस्त असो, सोडावी. पुढचे चाक वर-खाली धरून हलवावे, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट (चाकाचे सांधे) ढिले आहेत का ते कळते. मागची चाके ठोकळ्यावर उचलून फिरवावीत. रिम डुलत असेल तर अ‍ॅक्सल वाकलेला असू शकतो. या गाडीला चेन नाही, मागच्या चाकांना शक्ती पोचवणारा शाफ्ट (दांडा) आहे, म्हणून मागच्या गियरचे तेलही काढून पाहावे; ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ए-आर्म (पुढची चाके धरणारे दांडे) जिथे चौकटीला जोडले आहेत तिथले वेल्डिंग पाहावे आणि चौकटीवरचा क्रमांक कागदाशी जुळवून पाहावा. तडकलेल्या प्लास्टिककडे पाहू नये.

प्रेषक: माजी कार्यवाह (वाळपई)

सर्वांचा आभारी आहे. 400 च्या मालकाला आज नम्रपणे नकार कळवला. 250 शनिवारी सकाळी सात वाजता पाहायची ठरली असून ती सुरू न करण्याबद्दल निरोप दिला आहे. पुतणी सोबत येईल. तिने स्वतः रिव्हर्स टाकून गाडी गडग्यापासून मागे घेतल्याशिवाय पैसे देणार नाही. गाडी रस्त्यावरून चालवत आणता येणार नाही, तेव्हा शिवोलीहून वाळपईपर्यंत कोणाचा पिकअप शनिवारी दुपारी मिळू शकेल का?