इथे 'मोबदला' असा नसतोच
कोणीतरी विचारलंय की पुण्यात सरोगेटला, म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी बाळ पोटात वाढवणाऱ्या बाईला, साधारण किती पैसे द्यावे लागतात. अहो, द्यायचेच नाहीत, तोच तर मुद्दा आहे! २०२१ च्या सरोगसी कायद्यानंतर (जानेवारी २०२२ पासून लागू) आपल्याकडे फक्त परोपकारी सरोगसी चालते, म्हणजे दवाखान्याचा खर्च, कायद्यात बसणारे इतर खर्च आणि तिच्या नावाने ३६ महिन्यांचा विमा, बास. शिवाय तिला काही इजा झाली, आजारपण आलं किंवा जिवावर बेतलं तर भरपाई देऊ असं प्रतिज्ञापत्र जोडप्याला मॅजिस्ट्रेटपुढे करून द्यावं लागतं, हे कोणी सांगतच नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी रीतसर करार होतो, पैसे आधीच तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात जमा करतात आणि बाळाचे ठोके दिसले की बहुतेक वेळा महिन्याच्या हप्त्याने तिला मिळतात. तिथले आकडे वाचून इथे हिशोब मांडू नका. कोणी एजंट कोथरूडात नाहीतर हडपसरला चहा पाजून 'पॅकेज' सांगायला लागला तर सरळ उठा, कारण पैसे देऊन सरोगसी करवणाऱ्या जोडप्यालाही पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता माझं मत विचाराल तर नऊ महिने बाईने काढायचे, डॉक्टर, वकील, लॅब सगळ्यांनी फी घ्यायची आणि तिनेच तेवढं पुण्य कमवायचं, हे काही मला पटत नाही. पण कायदा आहे तो आहे.

आणि हो, सरोगेट २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच.