पांढरी लेन्स, मामा तलाव आणि पट्टकादंब: पाचशे रुपयांत लपायचं कसं?

बोडीकाठचा (लाखनी, भंडारा)

नमस्कार मंडळी. मी धानकरी माणूस, फोटोचा नाद चार वर्षांपासूनचा. यंदा धान विकून सेकंडहँड लेन्स घेतली, कॅननची १००-४००. घरी अजून खरी किंमत सांगितलेली नाही. लेन्स झकास आहे, पण पांढरी. बगळ्यासारखी पांढरी.

आमच्या गावाला मामा तलाव आहे. (बाहेरच्यांसाठी: माजी मालगुजारी तलाव. कोणाच्या मामाचा संबंध नाही.) पाणी उतरलं की काठावर हिरवळ येते, खालच्या बांध्यांमध्ये (धानाच्या वाफ्यांमध्ये) लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, उगवलेली असते. तिच्यावर पट्टकादंब येतात, यंदा तीसेक आहेत. हिमालय ओलांडून येणारं पाखरू. गावातल्या गुराख्याला भीत नाही, आणि मला ऐंशी पावलांच्या आत येऊ देत नाही. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून लेन्स उचलली की आधी एक मान वर होते, मग सगळ्या, मग तलाव रिकामा.

केलेले प्रयोग असे. तपकिरी पॅकिंग टेप गुंडाळली. ती उन्हात पितळेच्या घागरीसारखी चमकली आणि काढताना तिचा चिकटा लेन्सवरच राहिला. भाचीची मेंदी रंगाची ओढणी टाकली. ती वाऱ्यावर फडफडते. लेन्सचं तयार आवरण ऑनलाइन पाहिलं, साडेतीन हजार. तेवढ्यात युरियाची डझनभर पोती येतात.

पाचशेच्या आत काय गुंडाळावं? आणि बसावं कुठे?

हिरडा_बेहडा (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

भाऊ, मी वनरक्षक होतो, आता निवृत्त. पक्षीगणनेच्या निमित्ताने तलावकाठी पुष्कळ सकाळी काढल्या आहेत.

लेन्सच्या रंगाचं दुखणं तुमच्या डोक्यात जास्त आहे, पाखराच्या कमी. पाखराला तीन गोष्टी खटकतात: हालचाल, चमक, आणि आभाळाच्या रेषेवर उभा माणूस. तुम्ही धुऱ्यावरून फोटो काढता म्हणता, म्हणजे मागे मोकळं आभाळ. अंगाला अख्खं जंगल गुंडाळलं तरी दिसणारच. धुऱ्याच्या खाली, बेशरमाच्या झुडपाला पाठ टेकून बसा. पाठीमागे काहीतरी दाट हवं, समोर थोडं असलं तरी चालतं. लोक नेमकं उलटं करतात.

पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन बसा. उजेड पाखराच्या अंगावर पडेल. पहाटे तांबडं फुटायच्या आधी जागेवर पोचा. उशीर झाला की टिटवी बोंब मारते आणि साऱ्या तलावाला तुमचा पत्ता कळतो. टिटवी ओरडलीच तर ती गप्प होईपर्यंत बोटही हलवू नका.

चेहरा आणि हात झाका. लेन्सपेक्षा जास्त हलतात ते हातच. घड्याळ काढा, मोबाइल उलटा ठेवा. चष्मा असेल तर टोपीची चोच खाली ओढा.

आणि एक सांगतो, हसू नका. फौजी छापाचे कपडे घालू नका. बाजारात शंभर-दोनशेला मिळतात म्हणून पोरं घेतात. आमच्या देवरी-कुरखेडा या नक्षलग्रस्त राहिलेल्या पट्ट्यात तशा कपड्यात, हातात लांब नळी घेऊन झुडपात बसलेला माणूस दिसला तर समोरचा विचार करत बसत नाही. मातकट सदरा आणि जुनं लुगडं पुरे. त्या भागाच्या वनरक्षकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा.

पुतण्याचा_काका (अमरावती)

माझा पुतण्या अमेरिकेत मिसूरीला असतो. तिथे वसंतात रानटी टर्कीची शिकार परवाना काढून करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, आणि बरंच आहे. पण तिथले लोक बंदूक कशी लपवतात ते त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आणि तुमचा प्रश्न हुबेहूब तोच आहे. टर्कीचं नाक यथातथाच, पण नजर भारी. तिला रंगही दिसतात. म्हणून शॉटगनच्या काळ्या चकचकीत नळीची त्यांना काळजी.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते झाडपाल्याच्या छापाचीच बंदूक घेतात. बाकीचे गुरांच्या दवाखान्यात मिळते तसली, स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळतात. ती पट्टीला चिकटते, धातूला नाही. हंगाम संपला की सोलून काढायची, चिकटा शून्य. तुमच्या पॅकिंग टेपचं उत्तर इथेच आहे. घोड्याच्या किंवा गाईच्या पायाला बांधतात तीच पट्टी. तालुक्याच्या गुरांच्या औषधाच्या दुकानात विचारा, खाकी किंवा हिरवी मागा. नाही मिळाली तर साधी क्रेप बँडेज चहाच्या पाण्यात उकळून घ्या.

पुतण्या म्हणतो, पट्टी गुंडाळताना सेफ्टीचा खटका, काडतूस बाहेर पडायची खिडकी आणि नेम धरायचा मणी मोकळा ठेवतात. तुम्ही फोकसची रिंग, बटणं आणि तिपाईचा पाय जिथे बसतो ती जागा मोकळी ठेवा.

तिथला आणखी एक नियम ऐकून मी गार झालो. शिकारीला जाताना अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, खिशात रुमालसुद्धा नाही. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि दुसरा शिकारी झुडपातून त्याच रंगावर नेम धरून बसलेला असतो.

खारपाणपट्टा (अकोला)

कायले पैसे घालता बाप्पा? घरी बारदाना हाये ना? एक पोतं घ्या, उसवा, बोटभर रुंद पट्ट्या कापा. बाभयीची साल नाय तर हिरडा कुटून पान्यात उकळा, त्यात पोतं बुडवा. मंग त्याच पान्यात गंजलेले खिळे टाकजा रातभर. भुरकट काळा रंग येते, धुतला तरी जात नाही. अर्धं पोतं खिळ्याच्या पान्यात, अर्धं नुसत्या सालीच्या, म्हंजे दोन रंग झाले. एका रंगाचा ठोकळा लांबूनबी ठोकळाच दिसते, दोन-तीन रंग तुटक तुटक पाह्यजेत.

फक्त पोतं दोनदा धुवा आन् झटका. तागाचे तंतू उडतात, लेन्सच्या जोडात गेले का मंग नागपूरले दुरुस्तीचे पैसे मोजा. आन् धुवाले नीळ, चकाचक पांढरं करनारी पावडर वापरू नोका. त्या पावडरीनं कपडा उन्हात जास्तच उजळ दिसते.

शटरवाला (नागपूर)

एवढा उपद्व्याप कशाला? मोटारीच्या खिडकीतून काढा. पाखरं मोटारीला घाबरत नाहीत.

बोडीकाठचा

@शटरवाला, माझ्याकडे स्प्लेंडर आहे. तिला खिडकी नाही.

@पुतण्याचा_काका, पट्टी मिळाली, दोन गुंडाळ्या १८० रुपये. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गाईला लागलं? मी म्हटलं, कॅननला. तो गप्प बसला.

हिरडा_बेहडा

एक राहिलं. मोठ्या लेन्स पांढऱ्या करतात त्या ऊन परतवून लावायला, आतली काच तापू नये म्हणून. आता थंडीत काही बिघडत नाही, पण होळीनंतर ती काळपट पट्टी सोलून ठेवा. आपल्या मे महिन्यात गडद गुंडाळलेली लेन्स हातात धरवणार नाही.

बोडीकाठचा (बारा दिवसांनी)

मंडळी, हिशेब देतो. पट्टी १८०. हिरवी शेडनेट तीन मीटर, १२० रुपये. बारदाना घरचा, हिरडा आईच्या डब्यातला (तिला कळलं आहे). एकूण तीनशे.

बारदान्याचा रंग खरंच बसला. खिळ्याच्या पाण्यातला भाग ओल्या शेणासारखा झाला, सालीचा भाग तणसासारखा (धानाच्या वाळल्या काडासारखा). लेन्सला आधी पट्टी, तिच्यावर बारदान्याच्या चिंध्या सुतळीने बांधल्या. धुऱ्याखाली बेशरमाला पाठ लावून चार बांबू रोवले, शेडनेट ताणली, वरून तणस पसरलं. दोन दिवस तिथे फिरकलोच नाही, पाखरांना सवय होऊ दिली.

पहिल्या दिवशी टिटवी. दुसऱ्या दिवशीही टिटवी. तिसऱ्या दिवशी पाच वाजता जाऊन बसलो, ती उठलीच नाही. सूर्य वर आला तसे कादंब पाण्यातून काठाला चालत आले. चाळीस पावलं. मग पस्तीस. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता येत होते. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

तेवढ्यात मागून छप्पर हललं. शेजाऱ्यांची म्हैस. माझं तणस खात होती. हाकलावं तर कादंब उडणार, नाही हाकललं तर छप्पर जाणार. मी हललो नाही. तिने आरामात अर्धं छप्पर फस्त केलं, शेडनेटमध्ये शिंग अडकवलं आणि नेट घेऊन सरळ माझ्या पुढ्यातून पाण्याकडे चालू लागली. मी लपणाशिवाय, उघडा, लेन्स मांडीवर घेऊन बसलेला.

कादंब उडाले नाहीत. म्हशीला कोण घाबरतं? मग मीही उठलो, वाकून तिच्या पलीकडच्या अंगाने चाललो. वीस पावलांवर थांबून तिच्या पाठीवर लेन्स टेकवली आणि सतरा फोटो काढले. चौदा हललेले आहेत, कारण म्हैस रवंथ करत होती. तीन चांगले. एकात डाव्या कोपऱ्यात शिंग आणि हिरवी जाळी आली आहे. तोच घरी सगळ्यांना आवडला.

शेजारी आता म्हशीचं भाडं मागतो आहे.