सोपा, ओसरी की पडवी? वाड्याच्या नकाशावर काय लिहावं?

शिसपेन्सिल: आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाईजवळच्या एका वाड्याचं मेजर्ड ड्रॉइंग (प्रत्यक्ष मापं घेऊन काढायचा नकाशा) चाललंय. चौकाच्या चारी अंगांना खांबांवर उभी, चौकाकडून उघडी जागा आहे, दोन पायऱ्या उंच. घरातले आजोबा तिला 'सोपा' म्हणतात, म्हणून मी शीटवर चारही ठिकाणी 'सोपा' लिहिलं. सरांनी लाल पेनाने खोडून 'ओसरी' केलं. रत्नागिरीच्या आजीला फोटो पाठवला, तर ती म्हणते, "अगं, ही पडवीच की!" शुक्रवारी ज्युरी आहे, म्हणजे परीक्षकांसमोर शीट मांडायची. काय लिहू?

कराडचा_गूळ: चारी बाजूंना सोपे, म्हणून चौसोपी वाडा. 'चौओसरी वाडा' कुणी ऐकलाय का, एवढंच सरांना विचार. आमच्याकडे 'सोप्यात बसा' म्हणजे पाहुणा हायेस, माजघरात घुसू नको, असाही अर्थ व्हायचा.

जुना_मास्तर: शब्दच बोलतात, ऐकायला हवं. मुख्य छपराचा उतार पुढे खाली पडतो ती पडवी. पाऊस जिथे ओसरतो ती ओसरी. एक छपराचा शब्द, दुसरा पावसाचा.

माळवदावरची_वाळवण: मास्तर, ओसरी पावसावरून आली असती तर आमच्या लातूरकडं एकही ओसरी नसती! आमची घरं माळवदाची, छपराला उतारच नाही, मग पडवी कशाची? दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, आत आलं की ढाळज, मग चौक, मग ओसरी. ढाळजेत आज्याची बैठक असायची, तिथून जाताना आईचा पदर आपोआप डोक्यावर जायचा. पंचवीस वर्षं झाली ढाळज पाडून. तिथं आता मोटारसायकली लागतात, पण आई तिथून जाताना अजून पदर सावरते.

जुना_मास्तर: ढाळज फारसी 'दहलीज'वरून. 'देवडी' म्हणावं. आणि ताई, 'मेजर्ड ड्रॉइंग' काय म्हणता? मापनरेखन म्हणा. प्लॅनला तलविन्यास, सेक्शनला छेद.

घाणीचा_चुना: मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. देवळांचा अभ्यास करणारे प्लॅनला तलच्छंद आणि उभ्या रचनेला ऊर्ध्वच्छंद म्हणतात, त्यांना शोभतं. आमच्या सुताराला 'तलविन्यास दाखवतो' म्हटलं तर तो पंचांग आणायला जाईल. त्याला 'पिलान' कळतो. तुळई (छत पेलणारं जाड आडवं लाकूड), कडीपाट (लाकडी छत), जोतं (घराचा चौथरा), तळखडा (खांबाखालचा दगड) हे मात्र त्याचेच शब्द, तेच माझ्याही कागदावर असतात.

राजांगण: गोव्यात आणखी गंमत. आमच्याकडे 'सोपो' म्हणजे दारापुढच्या दोन्ही बाजूंचे बांधीव बाक, बसायची जागा. मोठ्या हिंदू घरांत आतला चौक म्हणजे राजांगण, त्याच्याभोवतीची ती वसरी. म्हणजे तुमच्या सरांची ओसरी आमच्याकडे चालेल. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे उंच केलेली बैठक, तिच्यातूनच तुर्कीमार्गे 'सोफा' झाला. सोपाही तिथलाच, मी पैज लावते.

कराडचा_गूळ: म्हणजे माझ्या आज्ज्याचा सोपा आणि हप्त्यावर घेतलेला सोफा चुलतभाऊ? आज्जा उठून बसंल.

जुना_मास्तर: पैज नको, पुरावा द्या. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

माळवदावरची_वाळवण: पाऊस ओसरतो ती ओसरी, हे कुणी लिहिलं होतं बरं?

घाणीचा_चुना: शिसपेन्सिल, भांडू दे यांना. खण मोजलेस का? दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या खरेदीखतांत घर चौरस फुटांत नसतं, खणांत असतं. नुसतं 'सोपा' न लिहिता 'अमुक खणी सोपा' लिहिलंस, की बांधणारा कसा विचार करत होता ते शीटवर येतं. शनिवारवाड्यात हे कळणार नाही. १७३२ सालचा वाडा, पण १८२८च्या आगीत लाकूडकाम गेलं, जोती उरली. त्यापेक्षा मेणवलीला जा, वाईपासून जवळ. नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे. सोप्यात बसून वर बघ आणि तुळया मोज.

शिसपेन्सिल: अय्या! आजोबा "सात खण" म्हणत होते आणि मी खांब मोजून आठ लिहिले. वर त्यांनाच सांगितलं, "आजोबा, चुकताय." ते नुसते हसले. आता कळलं.

राजांगण: चोळीचा खणही यातलाच का?

कराडचा_गूळ: आणि कपाटाचा खण?

जुना_मास्तर: कपाटाचा यातलाच. चोळीचा वेगळा असावा.

माळवदावरची_वाळवण: वेगळा कसा? मापाचा तुकडा तो खण, मग लाकडाचा असो की कापडाचा. आमच्याकडं ओटी भरताना कर्नाटकातल्या गुळेदगुडचाच खण लागायचा.

कराडचा_गूळ: गुळेदगुडचा आता खरा मिळतो का? सगळीकडं पॉलिस्टर घालतात गळ्यात.

शिसपेन्सिल: अहो, ज्युरी उद्यावर आली! सोपा ठेवू की ओसरी?

राजांगण: मला बेळगावात मिळाला गेल्या वर्षी, रेशमी काठाचा. दुकान खडेबाजारात होतं बहुतेक.