घरखर्चाची वाटणी: ठरवलेली आणि झालेली

महिन्याच्या उत्पन्नाची वाटणी आपण कशी ठरवतो आणि वर्षअखेरीस ती प्रत्यक्षात कशी झालेली दिसते, याविषयीचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. रकमा नकोत, शंभरातले किती, एवढे पुरे. सुरुवात मीच करतो. घरभाडे ३०, किराणा २४, प्रवास ९, वीज-पाणी-फोन ६ आणि बचत १० असा माझा बारा महिन्यांचा हिशेब निघाला, आणि उरलेले २१ 'किरकोळ' या एका रकान्यात गेलेले होते. त्याची फोड केली तेव्हा चष्म्याची काच, गळका नळ, दातांचे उपचार आणि एकाच पावसाळ्यात दोनदा हरवलेली छत्री सापडली. यातले छत्र्या सोडून काहीच किरकोळ नव्हते.

*

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या नोंदी अभ्यासून १८५७ मध्ये असे मांडले की, उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा हिस्सा मोठा. आमच्या घरी याचा प्रत्यय आला. एकाच्या पगारावर घर चालत होते तेव्हा खाण्यापिण्यावर ४५ जात. दोघे कमावू लागल्यावर ते २८ वर आले, किराण्याचे बिल मात्र वाढलेच. सुटलेले १७ बचतीत जातील असे वाटले होते, पण ते पाळणाघर आणि दुसऱ्या व्यक्तीचा प्रवास यांनीच खाल्ले. शिवाय बाहेरचे जेवण आम्ही करमणुकीत मांडतो. ते अन्नात धरले तर २८ चे ३५ होतात, म्हणजे आमची प्रगती काही अंशी रकाना बदलल्यामुळेच झालेली आहे!

*

गरजांना ५०, हौसेला ३० आणि बचत व कर्जफेडीला २० ही प्रसिद्ध विभागणी माझ्या कामाची नाही, कारण माझी कमाई दरमहा सारखी नसते. गेल्या वर्षातील सर्वांत कमी कमाईचा महिना धरून मी खर्च बसवते, जास्तीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवते आणि ओढाताणीच्या महिन्यात तिथूनच स्वतःला पगार देते.

*

विम्याचा हप्ता आणि शाळेची फी यांना बाराने भागून ती रक्कम दरमहा बाजूला काढावी. आम्हाला हे फार उशिरा सुचले.

*

आमचे गृहकर्ज फिटले तेव्हा शंभरातले २२ एकदम मोकळे झाले. कोणतीही मोठी खरेदी केली नसतानाही सहा महिन्यांनी त्यातले जेमतेम ४ शिल्लक असल्याचे दिसले. बाकीचे प्रत्येक रकान्यात थोडे थोडे मुरले होते. त्यामुळे आता हप्त्याइतकीच रक्कम त्याच तारखेला बचत खात्यात वळती होते, आणि पैसे कापल्याचा बँकेचा संदेश पूर्वीसारखाच पाच तारखेला सकाळी येतो.