हवाईतल्या ओआहू बेटावर चौघींचा एकच दिवस: उलटं फिरावं की सुलटं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हॉस्टेलच्या चार मैत्रिणी होनोलुलूला भेटतोय. चौघी एकत्र अशा सतरा वर्षांनी. एक सिअ‍ॅटलहून, एक सिडनीहून, मी सॅन होजेहून आणि पुण्याची मैत्रीण सध्या माझ्याकडेच मुक्कामाला आहे. उतरणार वायकीकीत. हॉटेलच्या पार्किंगचा दर ऐकून गाडी फक्त गुरुवारपुरती घ्यायचं ठरलंय, आणि त्या एका दिवसात बेटाला वळसा घालायचाय.

सिडनीवालीने एक्सेल शीट पाठवलीये. सकाळी 6 ला डायमंड हेड, 8 ला हनाउमा बे, 11 ला पर्ल हार्बर, मग पाली लुकआउट, ब्योदो-इन मंदिर, काहुकूला जेवण, वाइमेया बेमध्ये पोहणं, हालेइवाला बर्फाचा गोळा, सूर्यास्त आणि शेवटी काएना पॉइंटला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने परत. स्वच्छतागृहाला जायला मिनिटभरही धरलेलं नाही. (हॉस्टेलात परीक्षेचं वेळापत्रकही हीच करायची. पाळलं कोणीच नाही, तिनेसुद्धा.)

गाडी मीच चालवणार. सिअ‍ॅटलवालीचा गुडघा दुखरा आहे, पुण्याच्या मैत्रिणीला पोहता येत नाही पण "पॅसिफिकमध्ये डुंबल्याशिवाय परत जाणार नाही" असा हट्ट आहे, आणि सिडनीवाली शाकाहारी, अंडंही नाही. यातलं काय गाळू? वळसा कुठल्या बाजूने घालू? शोधून पाहिलं, पण सापडलं ते सगळं हनिमूनवाल्यांसाठीचं. कृपया जाणकारांनी सांगावं.

वाटसरू:
होनोलुलूत चार वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी काएना पॉइंट खोडा. दोन्ही बाजूंनी रस्ता टोकाच्या अलीकडेच संपतो, पुढे पायवाट. बेटाला पूर्ण गोल गाडीरस्ता नाहीच. उत्तरेकडून परतायचं ते मधून, एच-2 महामार्गाने.

पर्ल हार्बरही या दिवसातून काढा. तिथे बॅग आत नेऊ देत नाहीत, अ‍ॅरिझोना स्मारकाच्या (1941 च्या जपानी हल्ल्यात बुडालेली युद्धनौका) बोटीची वेळ आधी घ्यावी लागते, आणि 1177 माणसं जिथे गेली तिथे घड्याळ बघत उभं राहू नये. दुसऱ्या दिवशी जा, वायकीकीहून बस आहे.

दिशा: घड्याळाच्या उलट. आधी पूर्व किनारा, मग उत्तर. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालवायची, त्यामुळे समुद्र सतत तुमच्या उजव्या हाताला राहतो आणि प्रत्येक किनाऱ्यावर समोरची वाहतूक न ओलांडता वळता येतं. उलटी प्रदक्षिणा म्हणून कोणी कुरकुरलं तर सांगा, समुद्राला देव माना, मग देव उजव्या हातालाच आहे.

झुळूक:
वाइमेयाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. डिसेंबरात तिथे पोहायचं नाही. बाहेरच्यांनी तरी नाहीच, आणि पोहता न येणाऱ्या बाईने गुडघाभर पाण्यातही नाही. उन्हाळ्यात हाच किनारा तळ्यासारखा असतो, तुम्ही पाहिलेले फोटो तेव्हाचे असणार. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा थेट या किनाऱ्यावर येऊन आदळतात. वाइमेयाचा जीवरक्षक एडी ऐकाऊ 1978 साली समुद्रातच हरवला. त्याच्या नावाची सर्फिंग स्पर्धा इथे भरते, आणि पुरेशा मोठ्या लाटा आल्या नाहीत तर त्या हिवाळ्यात ती होतच नाही. यावरून काय ते समजा. वाळूत मागे बसून बघा, समुद्राकडे पाठ करू नका.

डुंबायचं ते दक्षिणेला, हनाउमात. प्रवाळाच्या आतल्या बाजूला पाणी उथळ आहे, जीवरक्षक असतात. फक्त प्रवाळावर पाय देऊ नका. सोमवार-मंगळवार बंद असतं, तुमचा गुरुवार आहे म्हणून वाचलात. बुकिंग दोनच दिवस आधी, तिथल्या सकाळी 7 ला उघडतं आणि भराभर संपतं. परत वर यायची चढण आहे, गुडघ्याचा विचार करा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. प्रवाळाला बाधतात म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटवाल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत 2021 पासून बंदी आहे.

धागाकर्ती:
बापरे! शीटमध्ये वाइमेयासमोर "रिलॅक्स" असं लिहिलं होतं. धन्यवाद झुळूक. मग डायमंड हेडही गाळू का?

वाटसरू:
गाळा. शेवटी पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांना तिथेही आधी बुकिंग लागतं. त्याऐवजी मकापूचा लुकआउट, अगदी रस्त्यालगत. नशीब असेल तर देवमासे दिसतील, त्यांचा मोसम तेव्हा नुकता सुरू होतो. पाली लुकआउटलाही चालावं लागत नाही, वारा मात्र ओढणी उडवेल असा. 1795 साली हवाईच्या कामेहामेहा राजाने ओआहू जिंकलं ती लढाई याच कड्यावर संपली. ब्योदो-इन ठेवा. पहिले जपानी मजूर आल्याला शंभर वर्षं झाली म्हणून 1968 साली जपानमधल्या मूळ मंदिराची ही प्रतिकृती बांधली.

आणि कोणाला रस्ता विचारलात तर "मकाई" म्हणजे समुद्राच्या बाजूला, "मऊका" म्हणजे डोंगराच्या बाजूला. मक्याचा संबंध नाही. काहुकूचा मका गोड असतो, तो वेगळा.

कोकणी मेवा:
शाकाहारीसाठी: काहुकूच्या गाड्यांवर लसूण घातलेली कोळंबीच मिळते, तिथे फक्त तीन ताटं सांगा. स्पॅम मुसुबी दिसायला भाताची वडी, पण वर डुकराचं मांस असतं. लाऊलाऊ बघून अळूवडी आठवेल, पानं अळूचीच, पण आत बहुतेकदा डुक्कर. पोई चालेल, उकडलेला अळकुडीचा लगदा, चव मात्र मनाची तयारी करून घ्या. "उलु" म्हणजे आपला नीरफणस! तळलेला मिळाला तर सोडू नका. आमच्या मालवणच्या कापांची सर नाही, पण जवळपास.

पांथस्थ:
एकच. किनाऱ्यावर थांबताना गाडीत काहीही ठेवू नका, डिकीतसुद्धा. आमची काच फोडून पासपोर्टची पिशवी गेली, वीस मिनिटांत. उत्तरेला कासवं दिसली तर दहा फूट लांबूनच बघा.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. नवा बेत: हनाउमा, मकापू, पाली, ब्योदो-इन, काहुकूला जेवण, हालेइवाला गोळा आणि सूर्यास्त. तिथे सहाच्या सुमारास होतो ना?

आता एकच गोची. हनाउमाचं बुकिंग मंगळवारी उघडणार, सॅन होजेच्या 9 वाजता, आणि तेव्हा आम्ही दोघी विमानात. सिडनीत तेव्हा बुधवारचे पहाटेचे 4. ती बुधवारी संध्याकाळी निघून बुधवारीच सकाळी होनोलुलूला उतरणार आहे, हे तिने तीनदा समजावूनही मला नीट कळलेलं नाही. सिअ‍ॅटलवाली बुधवारी निघतेय, म्हणून बुकिंग तिच्या गळ्यात घातलंय. चौघींची तिकिटं एकाच खात्यातून निघतात का, कोणी केलंय का?