जर्नलकडून मेजर रिव्हिजन (पेपरात मोठे बदल करून परत पाठवा) आलंय, रिव्ह्यूअरला (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला) नाही म्हणता येतं का?

प्रश्न: पीएचडीचा पहिला पेपर आहे, दुसरा रिव्ह्यूअर म्हणतो सॅम्पल वाढवा, पण डेटा कलेक्शन कधीच संपलंय आणि गाईड म्हणतात तूच ठरव. नाही म्हटलं तर रिजेक्ट होईल का?

उत्तर १: नाही म्हणता येतं, पण कारण देऊन. रिस्पॉन्स लेटरमध्ये त्याची कमेंट जशीच्या तशी टाक, खाली तुझं उत्तर आणि पेपरात कुठल्या ओळीत काय बदललं ते. लिमिटेशन्समध्ये सॅम्पल लहान असल्याचं स्पष्ट लिही, निष्कर्षातले मोठे दावे थोडे खाली आण, बऱ्याचदा खरा आक्षेप तिथेच असतो.

उत्तर २: पटलं. फक्त पोस्ट-हॉक पॉवर (खरा फरक पकडण्याची अभ्यासाची क्षमता, पण निकाल आल्यावर त्यावरूनच काढलेली) काढून देऊ नको, ती पी-व्हॅल्यूचंच (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दुसरं रूप, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती रेंज) दे.

प्रश्नकर्ती: इंटरव्हल बरेच रुंद आहेत, तरी?

उत्तर २: दे की! आणि मुदत कमी पडणार असेल तर एडिटरला आत्ताच मेल कर, बहुतेक वेळा वाढवून देतात.