मदत हवी आहे: ९ महिन्यांची मुलगी, गुठळी लागली की ओकारी

वरचं खाणं ६ महिने पूर्ण झाल्यावर सुरू केलं. गुळगुळीत असेल तर वाटी चाटूनपुसून संपवते. पण कुस्करलेल्या बटाट्यात टाचणीच्या डोक्याएवढी गुठळी जरी लागली, तरी जीभ बाहेर, ओकारी, सगळं लाळेऱ्यावर!

मिक्सर बंद केला, घट्टपणा हळूहळू वाढवला. मऊ शिजवलेलं गाजर बोटाएवढं कापून हातात दिलं, ते नुसतं चोखते. खालचे दोन दात आलेत, वजन ठीक, अंगावरचं दूध चालू. मध, मीठ, साखर वर्षापर्यंत नाही, त्यामुळे चवीचे उपाय नकोत. डॉक्टर म्हणाले, "देत राहा." पण कसं?

गुळगुळीत खाण्यातच थोडं दाणेदार मिसळत जायचं, की चमचा बाजूला ठेवून हातात धरता येतील असे मऊ तुकडेच द्यायचे? तुमच्या बाळाला कशाने जमलं?